घोंगडी घेताना मेंढीचीही विचारपूस करा

गेल्या हिवाळ्यात वसतिगृहासाठी घोंगड्या घ्यायला मी एका धनगरवाड्यावर गेलो. भाव पाडून घेतला, म्हणून खूश होतो. तेवढ्यात नुकत्याच कातरलेल्या मेंढीच्या कुशीवर जखम दिसली. मामा म्हणाले, "लोकरीला भाव नाही. कातरणाऱ्याला नगावर पैसे मिळतात, मग तो घाई करतो." माझी घासाघीस त्या जखमेपर्यंत पोचली होती.

गिऱ्हाइकाने विचारले की फरक पडतो. ऑस्ट्रेलियात माश्यांच्या अळ्या पडू नयेत म्हणून अनेक मेरिनो कोकरांच्या शेपटीजवळची कातडी कापतात. याला म्युल्सिंग म्हणतात. तेथील मेंढपाळ आपल्या कळपात हे होते की नाही, ते लोकरीच्या गठ्ठ्यांसोबत लेखी कळवू शकतात आणि खरेदीदार ते पाहून निवड करतात. न्यूझीलंडने तर २०१८ मध्ये या प्रकारावर बंदीच घातली.

आपल्या घोंगडीसोबत असा कागद येत नाही. म्हणून आपणच विचारावे:

१. कातरीला धार आहे ना? जखमेला लगेच औषध लावता ना?
२. मेंढी कोरडी आणि रिकाम्या पोटी असते ना? भरल्या पोटी उताणी केली की तिला त्रास होतो.
३. विण्याच्या तोंडावर आलेली मेंढी वगळता ना?

उत्तरे पटली तर भाव पाडू नका.

यंदा मी त्याच वाड्यावर भाव वाढवून दिला. अट एकच घातली, कातरणाऱ्याला नगावर नव्हे, रोजाने पैसे द्यायचे. त्यामुळे दोन घोंगड्या कमी आल्या. त्या दोन घोंगड्यांसाठी आपल्यापुढे हात पसरतो आहे.