पाहुण्यांना गाव दाखवताना

कोल्हापूर, मंगळवार पेठ

चि. बाळ यास,


तू पाठवलेली यादी वाचली. तीन दिवसांत सतरा ठिकाणं. पुण्यात वाढलास, तरी पाहुण्यांचं काही राहून जाऊ नये म्हणून एवढा खपलास, हे बघून बरं वाटलं. पण बाळा, ही यादी कुणाच्या हातात देऊ नकोस. त्यातली पाच-सहा ठिकाणं ठेव आणि प्रत्येकापुढं वेळ लिही. कुठं न्यायचं हे सगळेच सांगतात. कुणाला आणि किती वाजता, हे घरच्या माणसानंच बघायचं असतं.

हे मी चूक करून शिकले आहे. धाकट्या दिरांच्या लग्नात नवरीकडच्या पाहुण्यांची सोय माझ्याकडं होती. जोतिबा, पन्हाळा आणि नरसोबाची वाडी, सगळं मी एका दिवसात बसवलं. पन्हाळा एका दिशेला, वाडी पार दुसऱ्या. गाडी परतली तेव्हा सीमांतपूजन उरकत आलं होतं. नवरीच्या आजी पुढं दोन दिवस गुडघे चोळत बसल्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, आणि तेच अजून मनाला लागतं.

आता आपल्या पोरीच्या लग्नाचं बोलू. 2 फेब्रुवारीचं लग्न म्हणजे अंबाबाईच्या किरणोत्सवाचे दिवस. 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. नोव्हेंबरात 9, 10, 11 ला पुन्हा हाच योग. नागपूरकर पाहुण्यांना हे ऐकून जावंसं वाटणारच. पण ढग किंवा धूळ आडवी आली की किरणं मध्येच थांबतात, म्हणून ‘नक्की दिसेल’ असा शब्द कुणाला देऊ नकोस. गर्दीत उभं राहण्याची ताकद आहे त्यांनाच संध्याकाळी पाठव. व्याही आणि विहीणबाईंना दुसऱ्या दिवशी पहाटे तू स्वतः घेऊन जा. त्या वेळी दगडी फरशी गार असते, फुलवाल्या नुकत्या परड्या मांडत असतात आणि म्हाताऱ्या माणसाला खांबाला टेकून दोन मिनिटं बसता येतं.

पन्हाळा वीसेक किलोमीटर. सकाळी साडेसातला निघा, साडेअकराला परत. तीन दरवाजा, अंबरखाना आणि सज्जा कोठी, एवढंच दाखव. वर जाताना मात्र शिवा काशिदांच्या पुतळ्यापाशी गाडी थांबव. 1660 मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज पावसाळी रात्री निसटले, ते हा माणूस महाराजांचा वेष करून शत्रूच्या हाती गेला म्हणून. बाजीप्रभूंचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. शिवा काशिदांचं तू सांग, आणि गाडीत बसून नको, खाली उतरून सांग. बंगळूरहून येणारी मुलंही ऐकतील.

तुझ्या यादीत गुऱ्हाळ नाही, याचं मात्र वाईट वाटलं. हंगाम ऐन भरात असताना पाहुणे येणार आणि गूळ होताना न बघता जाणार? आता गुऱ्हाळं कमी होत चाललीत, म्हणून तर दाखवायचं. एक आधण व्हायला दोन-अडीच तास लागतात. निम्म्यावर पोचलात तरी चालेल, शेवट चुकवू नका. चुलवाणात चिपाडं ढकलतात, काहिलीत रस उसळतो, भेंडीचा चिकट रस घातला की मळी फेसासारखी वर येते आणि ती झाऱ्यानं काढत राहतात. रंग बदलायला लागला की गुळव्या काहिलीवरून नजर हलवत नाही. तो थेंबभर पाक गार पाण्यात सोडतो, बोटांत धरून बघतो. गोळी बसली की एक हाक, आणि चार-पाच जण धावून काहील उतरवतात, वाफ्यात ओततात. तिथं कुणाकडं घड्याळ नसतं, थर्मामीटर नसतो. गुळव्याच्या बोटांवर सगळं आधण अवलंबून. कोमट गुळाचा खडा शेंगदाण्याबरोबर प्रत्येकाच्या हातावर ठेव. पोरांना काहिलीपासून चार हात लांब धर, तिथं हयगय करू नकोस.

आता जेवणाचं. देवक बसलं की आपण घरची माणसं मटणाला जात नाही, पण म्हणून पाहुण्यांना अडवायचं नाही. 31 ला रात्री तुझ्या मित्रांपैकी कुणाला तरी बरोबर दे आणि साध्या खानावळीत पाठव. झुंबरं टांगलेल्या हॉटेलात नको. आधी पांढरा रस्सा वाटीनं प्यायला सांग: नारळाचं दूध, खसखस, तीळ आणि मटणाचा अर्क, पोटाला अगदी सौम्य. मग सुकं, तांबडा आणि भाकरी. कोल्हापुरी म्हणजे नुसतं जहाल, हा समज बाहेरच्या हॉटेलांनी पसरवला. सावजी खाल्लेल्या नागपूरकरांना आपला तांबडा तिखट लागायचा नाही. त्यातली चव आपल्या चटणीची. आणि चटणी म्हणजे ताटातली डावी बाजू नव्हे, कांदा-लसूण घालून कुटलेला आपला मसाला, हेही सांग. नाहीतर ‘भाजीत चटणी घालते’ म्हटलं की गोंधळतात.

मिसळ सकाळी नऊच्या आत. कट वेगळा मागायचा, बरोबर स्लाइस ब्रेड येतो, पाव नव्हे. हळदीच्या दिवशी मिसळ नको, दुपारी सगळे सुस्तावतात. गंगावेशीत म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध देतात. ते बघायला ने, पण ज्यांना सवय नाही त्यांना लग्नाच्या आदल्या रात्री पाजू नकोस.

बायकांना गुजरीत साज बघायला मी नेईन. चपला घेणाऱ्यांना सांग, नवी चप्पल लग्नात घालू नका, चावते. आधी तेल लावून घरात चार दिवस वापरावी लागते. रंकाळा संध्याकाळी भेळेपुरता. खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलं, 1912 साली पुरं झालं. ते ज्याला कुस्तीचं वेड आहे त्यालाच दाखव, बाकीच्यांना ते रिकामं मैदान वाटेल.

जावयांच्या मामांना जुन्या देवळांची आवड आहे म्हणतोस. त्यांना 3 तारखेला खिद्रापूरला धाड, एकट्यांना पाठवलंस तरी चालेल. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाचं छत मध्यभागी गोल उघडं आहे, खाली तेवढीच गोल शिळा आणि भोवती कोरीव खांब. ऊन वर आल्यावर त्या शिळेवर उजेड पडतो. त्यांना तिथं घाई करायची नाही, ड्रायव्हरला तसं आधीच बजाव.

गुऱ्हाळाच्या मालकांशी मी बोलून ठेवते. लहान-मोठी मिळून किती माणसं येणार, ते शुक्रवारपर्यंत कळव. शेंगदाणे मी भाजून आणते.

तुझी,
आत्या