मुखलेपाचा परिणाम : दिसणारा आणि मोजला जाणारा

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात त्वचेचे सात स्तर सांगून प्रत्येकाची जाडी व्रीहीच्या, म्हणजे भाताच्या दाण्याच्या, मापाने दिली आहे. अवभासिनी अठरावा भाग. तिच्याखालील लोहिता सोळावा भाग, आणि व्यंग, न्यच्छ यांचे अधिष्ठान तेच. दाण्याची जाडी स्थूलमानाने २ मि.मी. धरल्यास अवभासिनी सुमारे ०.१ मि.मी. भरते, एपिडर्मिसची जाडीही साधारण तेवढीच आहे. (दाणा कोणत्या बाजूने मोजावा, हा वाद आम्हा भातपट्ट्यातील वैद्यांनीच सोडवावा!) हे माप मांसल भागांचे, कपाळाचे नव्हे, हेही आचार्यांनी बजावले आहे.

त्वचा न कापता हे स्तर आता पाहता येतात. २० मेगाहर्ट्झच्या सोनोग्राफीने त्वचेची जाडी कळते. १९९१ मध्ये प्रथम मांडलेल्या ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफीत अवरक्त प्रकाशाने १ ते २ मि.मी. खोलीचा छेद दिसतो. लेप काढताच दिसणारे तेज पुष्कळदा वरचा मृत पेशींचा थर पाणी शोषून फुगल्याचे असते आणि काही तासांत ओसरते. व्यंगावर खरा गुण आला की नाही, हे खालच्या रंजकद्रव्यावरून ठरते. वाळलेला लेप कांती बिघडवतो, हे वाग्भटांचे सांगणेही त्वचेतील जलांश मोजून पडताळता येईल.

ही यंत्रे तालुक्याच्या चिकित्सालयात येणे कठीण. दहापट मोठे दाखविणारा, हातात मावणारा डर्मोस्कोप मात्र परवडतो, आणि त्याची खरी गरज गोरेपणासाठी स्टिरॉईडयुक्त मलम लावणाऱ्या रुग्णांत आहे. महिनोन्महिने असे मलम लावल्याने त्वचा पातळ होते. डर्मोस्कोपखाली लाल केशवाहिन्यांचे जाळे व वाढलेली लव दिसते. मलम बंद केले की चेहरा लाल होऊन आग होते, आणि दोष येतो त्याच आठवड्यात सुरू केलेल्या आपल्या लेपावर! म्हणून लेपापूर्वीच चेहरा पाहून नोंद ठेवावी. केंद्र शासनाने २०१८ मध्ये अशी १४ स्टिरॉईडे शेड्यूल एचमध्ये आणली. औषधालयचालकांनी ती चिठ्ठीवाचून मुळीच देऊ नयेत.

पावसाळ्यात पोलादपूरहून भिजत महाडला आलेल्या रुग्णाची त्वचा लगेच तपासू नये. चेहरा टिपून २० मिनिटे स्वस्थ बसवावे. मग दर भेटीला त्याच जागी, त्याच दिव्याखाली, तेवढ्याच अंतरावरून छायाचित्र घ्यावे.