वैद्यकीय उपकरणांची विक्री : काम केवळ पुरुषांचे?

प्रश्न : बी.एस्सी. झाल्यावर वैद्यकीय उपकरणांच्या विक्रीत नोकरी चालून आली आहे. परंतु हे फिरतीचे, पुरुषांचे काम आहे, असे घरचे म्हणतात. ते खरे आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : हा समज अपुरा आहे. स्टेंट, म्हणजे अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, किंवा कृत्रिम सांधा यांची मापे व वापरपद्धती अनेकदा शस्त्रक्रियागृहातच समजावून सांगावी लागत असल्याने, या क्षेत्रात विषयज्ञान आणि विश्वासार्हताच निर्णायक ठरतात. फिरती कमी हवी असल्यास निविदा-विभाग किंवा नियामक-विभाग हे पर्याय आपणास खुले आहेत; नियामक कामासाठी, उपकरणांची जोखमीनुसार चार वर्गांत विभागणी करणारे 'वैद्यकीय उपकरण नियम, २०१७' अभ्यासावेत. नोकरी स्वीकारण्यापूर्वी विक्रीचे लक्ष्य, प्रवासभत्ता आणि रात्रीची वाहनव्यवस्था लेखी घ्यावी. क्ष-किरणांच्या सान्निध्यात काम असल्यास शिशाचे संरक्षक वस्त्र वापरावेच, आणि गरोदरपणाची माहिती वेळीच देऊन कामात बदल मागावा. लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३च्या कायद्यानुसार कामानिमित्त भेट दिलेले रुग्णालयही 'कामाचे ठिकाण' ठरते. त्यामुळे तेथील गैरवर्तनाविरुद्धही दाद मागता येते, हे घरच्यांना अवश्य सांगावे.