काट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवा

चाळिशी ओलांडलेली मंडळी दवाखान्यात खुर्ची ओढता ओढताच सांगतात, "डॉक्टर, माझं वजन लग्नात होतं तेवढंच आहे हो." वजन खरंच फारसं वाढलेलं नसतं. पण पँट दोन नंबर मोठी लागते, जिना चढताना दम लागतो आणि उपाशीपोटीची साखर ११४ आलेली असते. मग घरात चर्चा सुरू होते, की लॅबवाल्याचंच काहीतरी चुकलं असणार.

लॅबवाल्याचं बहुधा काही चुकलेलं नसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचं कारण स्वतःच्याच शरीरावर दाखवून दिलं. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपली भारतीयांची ठेवणच अशी आहे. हातपाय बारीक, स्नायू कमी आणि चरबी पोटात, यकृताभोवती साठलेली. ती वजनकाट्याला कळत नाही.

म्हणून शिलाईच्या डब्यातली टेप काढा. सरळ उभे राहा, कपडा बाजूला करा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्यावर टेप ठेवा, श्वास सोडा आणि मग आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही. इथे पुरुष मंडळी हमखास लबाडी करतात. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० च्या आत हवी. पाळी थांबण्याच्या सुमारास स्त्रियांची चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, तेव्हा त्या वयात हे माप दर दोन-तीन महिन्यांनी घ्यावं.

चरबी वाढते त्याच काळात स्नायू झिजत असतात, आणि मला जास्त काळजी त्याची वाटते. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचं सगळ्यात मोठं गोदाम म्हणजे स्नायू. गोदाम लहान झालं की साखर रक्तातच राहते. एक चाचणी घरीच करा. हात छातीवर बांधून खुर्चीवरून उठा-बसा, दहा वेळा. निम्म्यातच मांड्या थरथरायला लागल्या, तर नुसत्या फिरण्याने तुमचं भागणार नाही.

आता ताट. मुंबईत सांताक्रूझहून सकाळची लोकल पकडणाऱ्या माणसाचा दिवस पाहा. चहा-खारी, डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव, रात्री दहाला भात आणि पातळ वरण. पोट भरतं, पण यात प्रथिनं कुठे आहेत? साठ किलोच्या माणसाला रोज साधारण ५० ग्रॅम लागतात; एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, यावरून अंदाज घ्या. तेव्हा डब्यातली एक पोळी कमी करून मटकीची किंवा चवळीची घट्ट उसळ न्या. सकाळी खारीऐवजी दोन अंडी किंवा मुगाचं धिरडं खा. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, मांदेली, बोंबील जरूर खावेत, फक्त रवा लावून तेलात बुडवून नव्हे. कालवण किंवा तव्यावर थोड्या तेलात. शाकाहाऱ्यांनी दही, पनीर, सोयाबीन, डाळी यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात ठेवावं. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

संकष्टीला आणि एकादशीला साबुदाणा खिचडी, वर बटाट्याचा कीस, हे जेवण नेहमीच्या पोळी-भाजीपेक्षा जड पडतं. उपवास श्रद्धेने करा, पण राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, ताक यांवर करा. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर, याहून जास्त नको.

व्यायामाबद्दल लोक मला पहिल्यांदा जिमची फी सांगतात. मी सांगतो, रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं सोसायटीच्या आवारात चाला. जेवणानंतरची साखर त्याने खरोखर उतरते. आठवड्यात एकूण दीडशे मिनिटं भरभर चालणं व्हावं, इतकं भरभर की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. जुहूला जाणाऱ्यांनी भुसभुशीत वाळूत न चालता ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवरून चालावं. आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण द्या. खुर्चीवरून उठाबशा, भिंतीला टेकून जोर, जिन्याच्या पायरीवर टाचा उचलणं. पैसा लागत नाही.

योगासनांसाठी आपल्याला सांताक्रूझकरांना दूर जायला नको. श्री योगेंद्र यांनी १९१८ साली वर्सोव्याला सुरू केलेली 'द योगा इन्स्टिट्यूट' आज सांताक्रूझ पूर्वेलाच आहे. या संस्थेशी संबंधित संशोधकांनी हृदयधमन्यांचा विकार असलेल्या ११३ रुग्णांचा अभ्यास केला. तो २००४ साली भारतीय फिजिशियन संघटनेच्या नियतकालिकात आला. योग, आहार आणि ताण कमी करणं हे सगळं एकत्र केलेल्या गटाच्या धमन्यांची स्थिती हे न केलेल्या दुसऱ्या गटापेक्षा चांगली राहिली. अभ्यास लहान होता, त्यामुळे कुणी गोळ्या बंद करून आसनं सुरू करू नयेत. गोळ्याही घ्या, आसनंही करा.

वजन हटत नाही म्हणून निराश होऊन सोडून देणारे मी खूप पाहतो. त्यांना मी चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार सुधारला, चालणं वाढवलं. वजन जवळपास तेवढंच राहिलं, तरीही सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा सुमारे २८ टक्क्यांनी कमी राहिलं.

चालताना छातीत दडपण आलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर थांबा आणि लगेच रुग्णालय गाठा. ॲसिडिटीची गोळी घेऊन वाट पाहू नका. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायाम वाढवण्याआधी डोस विचारून घ्यावा आणि खिशात ग्लुकोज ठेवावं.

येत्या रविवारी नवरा-बायको दोघांनीही कंबर मोजा. माप जास्त आलं, तर रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. खासगी तपासण्या परवडत नसतील, तर महापालिकेचं व्ही. एन. देसाई रुग्णालय सांताक्रूझ पूर्वेला आहे, शिवाय वस्त्यांमधून 'आपला दवाखाना' आहेत. एचबीए१सी ५.७ ते ६.४ च्या मध्ये आलं, तर घाबरू नका, पण पुढच्या वर्षावरही ढकलू नका. या टप्प्यावर साखर मागे नेता येते.