घरातील इंधन बचतीच्या योजना : काय साधले, कुठे अडले आणि आपण काय करावे



हंगामाच्या शेवटी आपण बियाणे, खते, मजुरी यांचा हिशेब मांडतो. शेतातून निघणाऱ्या एका मालाचा हिशेब मात्र सहसा कोणी ठेवत नाही. तो माल म्हणजे जळण. कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, ज्वारीची धसकटे, बांधावरच्या बाभळीचे सरपण आणि गोठ्यातील शेणाच्या गोवऱ्या हे सर्व शेतीतूनच येते आणि चुलीत जाते. चूल जितकी जास्त जळण खाते तितके जमिनीला कमी मिळते. घरातील माउलीच्या डोळ्यांना व छातीला धुराचा जो त्रास होतो तो वेगळाच. म्हणून सस्यशास्त्राचा प्राध्यापक असूनही चुलीवर लिहिण्याचे योजिले आहे.

घरातील इंधन वाचावे यासाठी शासनाने गेल्या चाळीस वर्षांत अनेक योजना राबविल्या. त्यांपैकी काही टिकल्या, काही मोडल्या. असे का झाले हे समजून घेतले तर पुढची योजना दारात आल्यावर ती कशी स्वीकारावी हे आपल्याला ठरविता येईल.

साध्या चुलीत काय वाया जाते?

तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीची कार्यक्षमता सुमारे १० टक्के धरली जाते. म्हणजे १० किलो सरपण जाळले तर १ किलोची उष्णता भांड्याला लागते. उरलेली ज्वाळेबरोबर बाजूने निघून जाते, भिंती तापविते किंवा अर्धवट जळलेल्या धुराच्या रूपाने घरात कोंडते.

आता गोवरीचा हिशेब पाहू. ज्या गोठ्यात रोज ५० किलो ताजे शेण मिळते तेथे वर्षाला सुमारे १८ टन शेण जमा होते. ताज्या शेणात नत्र साधारण ०.३ टक्के धरले तरी ते ५५ किलोच्या आसपास भरते. एवढे नत्र देण्यासाठी युरियाच्या ४५ किलोच्या अडीच गोण्यांहून अधिक लागतात. गोवरी जाळली की हे नत्र धुरात जाते. राखेत थोडे स्फुरद व पालाश उरते, परंतु सेंद्रिय कर्ब पूर्णपणे संपतो. युरियाची गोणी दुकानात मिळते, सेंद्रिय कर्ब मिळत नाही.

सुधारित चूल : चांगली सुरुवात, अपुरी देखभाल

चूल सुधारण्याचा विचार आपल्याकडे जुना आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने धुराडे असलेली ‘मगन चूल’ प्रचारात आणली. पुढे १९५० च्या दशकात हैदराबाद येथे एस. पी. राजू यांनी धूरविरहित चुलीवर काम केले. १९८० च्या दशकाच्या मध्यास केंद्र शासनाने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू केला. २००२ मध्ये तो बंद होईपर्यंत देशात सुमारे साडेतीन कोटी चुली बसविल्याची नोंद झाली. महाराष्ट्रात या कामाला पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेचे (आरती) तांत्रिक साहाय्य होते. साच्यातून घडविलेली, धुराडे असलेली ‘लक्ष्मी’ चूल अनेक वाचकांना आठवत असेल.

या चुलीमागील तत्त्व सोपे आहे. तोंड लहान ठेवल्याने अनावश्यक थंड हवा आत शिरत नाही. जाळीमुळे लाकडाला खालून हवा मिळते व ते पूर्ण जळते. पहिल्या भांड्याखालून निघालेली गरम हवा वैलाकडे वळते आणि दुसऱ्या भांड्याला उष्णता देऊन धुराड्यातून बाहेर पडते. अशा चुलीची कार्यक्षमता किमान २० टक्के असावी अशी अपेक्षा होती. म्हणजेच सरपण निम्म्यावर यावयास हवे होते.

प्रत्यक्षात काय घडले ते आमच्या घरच्या उदाहरणावरून सांगतो. माझ्या लहानपणी आमच्या घरी योजनेतील सिमेंटची चूल बसली. पहिले काही महिने घरात धूर नव्हता. पण आंघोळीच्या पाण्याचे मोठे पातेले तिच्यावर बसेना, म्हणून वडिलांनी पहारीने तोंड मोठे करून घेतले. भाकरी शेकण्यासाठी निखारे पुढे ओढावे लागतात, त्याला जागा पुरत नव्हती. पावसाळ्यात धुराड्याच्या भोकातून पाणी गळू लागले. काजळीने धुराडे चोंदले, पण ते साफ करावयाचे असते हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. बसविणारा कारागीर पुन्हा आला नाही. दुसऱ्या पावसाळ्यापूर्वी मातीची जुनी चूल परत मांडली गेली आणि आईचे डोळे पुन्हा चुरचुरू लागले. नोंदवहीत मात्र आमची सुधारित चूल तशीच राहिली असणार.

यात आईचा दोष नव्हता. चुलीचे तोंड इंचभर वाढले तरी हवेचे प्रमाण बिघडते आणि बचत नाहीशी होते. धुराडे चोंदले की सुधारित चूल साध्या चुलीइतकाच धूर करते. या दोन गोष्टी जिला कळावयास हव्या होत्या, तिला कोणी विचारले नाही व सांगितलेही नाही. शिवाय धुराचे काही उपयोगही होते. आढ्याला टांगलेली मक्याची कणसे व माळ्यावरचे बियाणे धुरामुळे किडीपासून वाचत असे. धूर गेल्यावर बियाणे कसे साठवावे, हेही सोबत सांगावयास हवे होते.

ही अडचण केवळ आपल्या राज्यात आली असे नाही. ओडिशात एका स्वयंसेवी संस्थेने वाटलेल्या सुधारित चुलींचा अभ्यासकांनी चार वर्षे पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या महिलांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाल्याचे आढळले. पुढे घरच्यांनी चुली नियमित वापरल्या नाहीत, दुरुस्त केल्या नाहीत आणि तो फायदा उरला नाही.

बायोगॅस : दुहेरी लाभ, पण रोजचे काम

राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प १९८१-८२ मध्ये सुरू झाला. खादी ग्रामोद्योगची तरंगत्या टाकीची आणि १९८४ मध्ये विकसित झालेली ‘दीनबंधू’ ही घुमटाची अशा दोन्ही पद्धती प्रचलित झाल्या. महाराष्ट्र या कामात देशात आघाडीवर राहिला. राज्यात आठ लाखांहून अधिक कौटुंबिक संयंत्रे बसली आहेत. देहू येथील डॉ. मापुसकर यांनी संडास जोडलेल्या ‘मलप्रभा’ संयंत्राचा प्रसार केला, हे आपल्या राज्याचे वेगळे योगदान आहे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सर्वांत लाभाची योजना होय. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते व त्यावर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. १ घनमीटर बायोगॅस हा सुमारे ०.४३ किलो सिलिंडरच्या गॅसइतका धरतात. म्हणजे पूर्ण क्षमतेने चालल्यास वर्षाला १४.२ किलोचे सुमारे २२ सिलिंडर भरतील इतका गॅस घरीच तयार होतो. हिवाळ्यात गॅस घटतो हे लक्षात घेऊन प्रत्यक्षात त्याहून कमी धरावा. विशेष म्हणजे जळतो तो गॅस; नत्र, स्फुरद व पालाश मळीत शिल्लक राहतात. गोवरीत जे आपण गमावतो ते येथे परत मिळते.

असे असूनही अनेक संयंत्रे बंद पडलेली दिसतात. त्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

१. ट्रॅक्टर आल्यावर बैलजोड्या कमी झाल्या, शेण पुरेना. उपाशी संयंत्र गॅस देत नाही.

२. अनुदान जास्त मिळते म्हणून जनावरांच्या मानाने मोठे संयंत्र घेतले गेले.

३. टाकी गंजली, घुमटाला चीर गेली, नळीत पाणी साचले. दुरुस्ती किरकोळ होती, पण ती करणारा गवंडी गावात नव्हता.

४. शेण कालविण्याचे काम एकट्या बाईच्या वाट्याला आले. उन्हाळ्यात पाणी दुरून आणावे लागले तेथे ते पहिल्यांदा थांबले.

दिवे आणि सिलिंडर : दोन वेगळे धडे

जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. एकत्रित खरेदीमुळे शासकीय खरेदीतील एका दिव्याचा भाव २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत खाली आला. ६० वॅटच्या जुन्या दिव्याऐवजी ९ वॅटचा दिवा रोज ५ तास लावल्यास वर्षाला सुमारे ९३ युनिट वीज वाचते. ही योजना यशस्वी का झाली? नवा दिवा जुन्याच होल्डरमध्ये बसतो. त्याला साफसफाई नाही, दुरुस्ती नाही आणि घरातील कोणाला कामाची पद्धत बदलावी लागत नाही.

सिलिंडरचे तसे नाही. ‘उज्ज्वला’ योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याच मराठवाड्यात, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे आठ कोटीवी जोडणी देण्यात आली. धूर कमी होण्यास याची मोठी मदत झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे २०१५-१६ मध्ये ४३.८ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्के झाली. परंतु जोडणी मिळणे आणि गॅस वापरणे या दोन गोष्टी आहेत. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०१९ च्या अहवालात उज्ज्वला ग्राहकांचा डिसेंबर २०१८ अखेरचा सरासरी वापर वर्षाला केवळ ३.२१ सिलिंडर आढळला. मोठ्या कुटुंबाचा सर्व स्वयंपाक यात होत नाही. पुन्हा भरण्याचा खर्च परवडेना तेव्हा चहापुरता गॅस आणि भाकरीला चूल अशी वाटणी झाली. त्यानंतर २०२२ पासून या ग्राहकांच्या सिलिंडरवर वेगळे अनुदान देण्यात आले, ते याच अडचणीमुळे.

या सर्वांतून काय शिकावे?

चारही योजनांकडे एकत्र पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या साधनाला देखभाल व पुढचा खर्च कमी, ते टिकले. ज्याला रोज हात लावावा लागतो, ते फक्त तेथेच टिकले जेथे देखभाल कोणी करावयाची हे घरात ठरलेले होते. शासनाची मोजणी साधन बसविले त्या दिवशी थांबते, बचत मात्र त्या दिवसानंतर सुरू होते. आम्ही विस्तार कार्यकर्तेही प्रात्यक्षिकांची संख्या मोजतो आणि वर्षानंतर पुन्हा जाऊन पाहत नाही. हा दोष आमच्याही पदरात आहे.

आपल्या घरी पुढीलप्रमाणे कार्यवाही करावी

१. प्रथम जळण तोलावे. आठवडाभराचे वाळलेले सरपण तराजूवर तोलून वेगळे ठेवावे. आठवड्याअखेर उरलेले पुन्हा तोलावे. माणशी किती लागले ते वहीत लिहावे. चूल बदलल्यावर किंवा दुरुस्त केल्यावर पुन्हा असाच आठवडा मोजावा. फरक पडला नसेल तर चुलीत दोष आहे असे समजावे.

२. चूल घेण्यापूर्वी स्वयंपाक करणाऱ्या भगिनीने स्वतः ती पाहावी. नेहमीचा तवा, सर्वांत मोठे पातेले आणि भाकरी शेकण्याची जागा यांची खात्री करावी. आंघोळीच्या पाण्यासाठी बाहेर वेगळी चूल ठेवावी. सुधारित चुलीचे तोंड वाढवू नये.

३. धुराडे महिन्यातून एकदा काठीला गोणपाट गुंडाळून साफ करावे. छपरातील भोकाभोवती पावसाळ्यापूर्वी लिंपण करावे. सरपण बारीक फोडून व चांगले वाळवूनच वापरावे.

४. बायोगॅसचा आकार आजच्या नव्हे, तर पाच वर्षांनंतर गोठ्यात किती जनावरे राहतील त्यावरून ठरवावा. जागा उन्हाची, गोठ्याजवळची व विहिरीपासून किमान १५ मीटर दूर असावी.

५. शेण व पाणी १:१ प्रमाणात कालवावे. माती, वाळू, काडीकचरा, साबणाचे पाणी व फिनेल आत जाऊ देऊ नये. हिवाळ्यात उन्हात तापलेले पाणी वापरावे. नळीतील साचलेले पाणी वेळोवेळी काढावे. लोखंडी टाकीला दर वर्षी रंग द्यावा. ज्योत पिवळी दिसल्यास शेगडीची हवा कमी-जास्त करून ती निळी करून घ्यावी.

६. मळी ओलिताच्या पाण्याबरोबर द्यावी किंवा काडीकचऱ्याबरोबर खड्ड्यात कुजवावी. उघड्यावर वाळविल्यास नत्र उडून जाते, म्हणून सावलीत वाळवावी.

७. संयंत्र नसेल तरी गोवऱ्या कमी कराव्यात. जळणासाठी पऱ्हाट्या, तुराट्या प्रथम वापराव्यात आणि शेण कंपोस्ट खड्ड्यात घालावे.

८. डाळ आधी भिजवावी, भांड्यावर झाकण ठेवावे, शक्य तेथे कुकर वापरावा. या बचतीला कोणतीही योजना लागत नाही.

९. चालू अनुदानाची माहिती पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडून घ्यावी. अर्ज करतानाच दोन प्रश्न विचारावेत : बिघाड झाल्यास दुरुस्त कोण करणार आणि सुटे भाग कोठे मिळणार? उत्तर लेखी मागावे.

१०. गावात पाच-सहा संयंत्रे किंवा दहा-वीस सुधारित चुली असतील तर गावातीलच एका गवंड्याला किंवा बचत गटातील भगिनीला प्रशिक्षण द्यावे. वर्षाला ठरलेली रक्कम सर्वांनी मिळून द्यावी. सालगड्याचे जसे ठरवितो तसेच हेही ठरवावे.

वरील कामांपैकी पहिले काम आजच सुरू करता येईल. सरपणाची एक मोळी तोलून पाहावी आणि आकडा वहीत लिहावा. हा आकडा घरातील पुरुषांनी स्वतः वाचावा, कारण ती मोळी बहुधा त्यांच्या डोक्यावरून आलेली नसते.