रंग का सुटतो?
(उपवासकाळानिमित्त एक धडा)



आपल्या किनाऱ्यावर होड्या लाकडाच्या किंवा फायबरच्या. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा त्या ओढून वर घेतात, घासतात, रंगवतात आणि मग धर्मगुरूंचा आशीर्वाद घेऊन पाण्यात सोडतात. या कामात माझी चाळीस वर्षे गेली. त्यामुळे कॅनडात लेकीकडे गेलो तेव्हा जावयाची चौदा फुटी अ‍ॅल्युमिनियमची होडी रंगवायला मीच पुढे झालो. जावई म्हणाले, "पप्पा, डब्यावर आधी प्रायमर लावा असं लिहिलंय." मी म्हटलं, "मला होडी रंगवायला शिकवू नका." फडक्याने पुसून मी सरळ ऑइल पेंटचे दोन जाड हात मारले. होडी आरशासारखी चमकली. पुढच्या वसंतात मात्र रंगाचे पापुद्रे हाताने सुटू लागले. जावयांनी फोनवर ते सांगितले आणि मी त्यांच्यावरच चिडलो. मग कित्येक महिने आमचे बोलणे बंद होते.

चूक कुठे झाली? अ‍ॅल्युमिनियमला हवा लागली की त्याच्यावर लगेच एक अतिशय पातळ थर धरतो. तो डोळ्यांना दिसत नाही. धातू आपल्याला स्वच्छच वाटतो. हा थर धातूला गंजापासून वाचवतो, पण रंगाला मात्र धातूवर नीट पकड मिळू देत नाही. त्यात हातांचे तेल, इंजिनाचे ग्रीस आणि जुना सैल रंग यांची भर पडते. वरून कितीही महाग रंग लावा, तो धातूला चिकटतच नाही, नुसता मळावर बसतो.

दुसऱ्या उन्हाळ्यात ते काम आम्ही दोघांनी मिळून पुन्हा केले. त्याचा क्रम असा:

१. आधी धुणे, मग घासणे. साबणाच्या पाण्याने आणि ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने होडी स्वच्छ करावी. आधीच घासले तर तेल ओरखड्यांत आणखी खोल जाते.

२. सैल रंग सगळा काढणे. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून १२० नंबरने शेवट करावा. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे बारीक कण धातूत रुततात आणि तिथूनच खड्डे पडू लागतात. जुन्या रंगाची धूळ विषारी असू शकते, म्हणून तोंडाला चांगला मास्क हवा.

३. लगेच प्रायमर. घासलेला धातू रात्रभर उघडा ठेवू नये, कारण तो थर पुन्हा धरतो. धूळ पुसून त्याच दिवशी, शक्य तर काही तासांतच, अ‍ॅल्युमिनियमसाठी असलेला एच प्रायमर किंवा दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर लावावा. प्रायमर आणि रंग एकमेकांशी जुळणारे घ्यावेत.

४. पातळ हात, पुरेसा वेळ. दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग सर्वांत टिकाऊ. त्याची वाफ फुप्फुसाला घातक असल्याने योग्य मास्क लावून मोकळ्या हवेत काम करावे. कडक ऊन आणि दव दोन्ही टाळावे. एका जाड हातापेक्षा दोन-तीन पातळ हात बरे. दोन हातांमध्ये किती वेळ ठेवायचा ते डब्यावर लिहिलेले असते. रंग हाताला सुकला म्हणजे पक्का झाला असे नाही. पाण्यात सोडण्यापूर्वी काही दिवस थांबावे.

५. समुद्रात उभ्या राहणाऱ्या होडीला पाण्याखालच्या भागात तांब्याचा अंश असलेला रंग लावू नये. खाऱ्या पाण्यात तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते.

घासता घासता मला मत्तयच्या २३ व्या अध्यायातली चुना लावलेली थडगी आठवली. प्रभू येशूने परुश्यांना तशा थडग्यांची उपमा दिली: बाहेरून सुंदर, आत मात्र घाण. दर रविवारी मिस्सा ऐकणारा मी, जावयाशी अबोला धरून वेदीजवळ जात होतो. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला प्रभूने सांगितले आहे (मत्तय ५), तो भाग मी अनेकदा ऐकला होता. ऐकलेले वरवर बसले होते, आत पकडले नव्हते.

प्रायश्चित्त संस्काराचा क्रमही असाच आहे. आधी आत्मपरीक्षण, मग खरा पश्चात्ताप, पापांची कबुली आणि शेवटी प्रायश्चित्त. घासण्याचा भाग आपल्याला नको असतो. पापाचे नाव न घेता "चुकलंमाकलं माफ करा" म्हणणे म्हणजे फडक्याने पुसून रंग मारणे. आणि कबुलीनंतर मन रिकामे ठेवू नये. लूकच्या ११ व्या अध्यायात, झाडून स्वच्छ केलेल्या रिकाम्या घरात दुष्टात्मा आपल्याहून वाईट असे आणखी सात घेऊन परत येतो. प्रार्थना, शास्त्रवाचन आणि सत्कृत्य यांचा प्रायमर त्याच दिवशी लागायला हवा.

प्रायमर सुकण्याची वाट पाहत आम्ही दोघे अंगणात बसलो होतो. मी म्हटलं, "त्या वेळी तुमचं ऐकायला हवं होतं. माझं चुकलं." ते म्हणाले, "पप्पा, मीही फोनवर नीट बोललो नाही." एवढेच झाले. चार वाक्ये बोलायला मला वर्ष लागले.

आत्मपरीक्षणासाठी:
• माझ्या मनात कोणता जुना सैल रंग मी तसाच झाकून ठेवला आहे?
• वयाने लहान असलेल्याचे बरोबर असेल तर मी ते मान्य करतो का?
• या उपवासकाळात कोणाचा अबोला मी आधी मोडणार आहे?