कॅप वेगळी, एक्स-रे वेगळा : दातांच्या खर्चाचा हिशेब

दवाखान्यात फोन करून ‘रूट कॅनालला किती घेता?’ असे विचारले की ‘चार हजारांपासून पुढे’ असे उत्तर येते. त्या आकड्यात बहुतेक ठिकाणी कॅप धरलेली नसते. दात फार पोखरला असेल तर आत बसवायचा पोस्ट, त्यावरची भर, काही ठिकाणी एक्स-रेसुद्धा वेगळा लावतात. मग चार हजारांची तयारी करून गेलेला माणूस तेरा-चौदा हजारांचे बिल हातात घेऊन बाहेर पडतो आणि डॉक्टरने लुटले म्हणतो. लुटणारेही असतात. पण पुष्कळदा झालेले एवढेच असते, की चौकशी एका कामाची केली आणि दाताला कामे लागणार होती तीन.

पुढचे दर पुणे, नाशिक, नागपूर, मुंबईची उपनगरे अशा ठिकाणच्या मध्यम खासगी दवाखान्यांत साधारण दिसणारे, ढोबळ आहेत. तालुक्याच्या गावी ते बरेच खाली येतात आणि दक्षिण मुंबईत कितीही वर जाऊ शकतात.

एकाच दाढेच्या तीन किमती

खालची पहिली मोठी दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. पुष्कळ आईवडील तिला दुधाची समजून दुर्लक्ष करतात, आणि तीच सर्वांत आधी किडते. कीड वरवर असताना दात भरून घेतला तर साध्या सिमेंटला ६०० ते १,००० रुपये लागतात. दाताच्या रंगाचे, निळ्या प्रकाशाने कडक करायचे कॉम्पोझिट भरले तर १,००० ते २,५०० रुपये. काम अर्ध्या-पाऊण तासाचे, एकाच बैठकीत संपणारे.

तीच कीड नसेपर्यंत पोचली की हिशेब बदलतो. गार पाण्याने क्षणभर कळ येऊन थांबत असेल, तर अजून भरण्यावर भागण्याची शक्यता असते. गरम चहाने ठणका लागून तो बराच वेळ राहतो, रात्री झोपेतून उठवतो, अशा वेळी रूट कॅनालची वेळ आली असे समजावे. आणि आठवडाभर ठणकणारी दाढ आपोआप शांत झाली म्हणून खूश होऊ नये. नस मेली की दुखणे थांबते, खाली पू मात्र साचू लागतो. दाढेच्या रूट कॅनालला ४,००० ते ८,००० रुपये. एमडीएस झालेले एंडोडॉन्टिस्ट, म्हणजे याच कामाचे तज्ज्ञ, त्याहून जास्त घेतात. आधी केलेले रूट कॅनाल उघडून पुन्हा करायचे असेल तर ते अवघड, म्हणून महाग. एका बैठकीत केले की तीन बैठकांत, यावरून दर्जा ठरत नाही. पू झालेला असेल तर डॉक्टर मुद्दाम थांबतात.

त्यानंतर कॅप. पुढच्या दाताचा बराचसा भाग शाबूत असेल तर कधी कॅपशिवाय चालते. दाढेला मात्र ती लागतेच असे समजून चालावे, कारण रूट कॅनाल झालेली पोखरलेली दाढ चावताना उभी चिरते आणि मग काढण्यावाचून उपाय उरत नाही. ‘पुढच्या महिन्यात घालू’ म्हणत वर्ष काढणारे पेशंट केलेला सगळा खर्च असाच गमावतात. नुसत्या धातूची कॅप १,५०० ते २,५००, धातूवर सिरॅमिक चढवलेली ३,००० ते ६,०००, झिर्कोनियाची ७,००० ते १५,००० आणि वरही. शेवटच्या दाढेला झिर्कोनिया घालण्याचा आग्रह मला तरी अनाठायी वाटतो. तिथे कोणी पाहायला येत नाही आणि धातूची कॅप चांगली टिकते. शिवाय तिच्यासाठी दात कमी घासावा लागतो. हसताना दिसणाऱ्या दातांना झिर्कोनिया शोभते. धातू-सिरॅमिकच्या कॅपची हिरडीजवळ काही वर्षांनी दिसणारी काळी रेघ तिला येत नाही.

झिर्कोनियाबरोबर दहा किंवा पंधरा वर्षांच्या वॉरंटीचे कार्ड मिळते. ही वॉरंटी कॅपची असते. कॅप तडकली तर ती बदलून मिळेल. खालचा दात किडला किंवा रूट कॅनाल फसले तर त्या कार्डाचा उपयोग नाही.

दाढ वाचवण्याची वेळ टळून गेली की तिसरी किंमत. साधी दाढ काढायला ५०० ते १,५०० रुपये, हाडात आडवी अडकलेली अक्कलदाढ काढायला ५,००० पासून १२,००० पर्यंत. स्वस्तात सुटलो असे इथे वाटते, पण रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात आणि समोरचा दात खाली उतरू लागतो. अक्कलदाढ सोडली तर काढलेल्या दाढेच्या जागी काही तरी बसवावेच लागते.

ब्रिज, इम्प्लांट की कवळी

ब्रिजचा दर दातामागे सांगतात. एक दात गेला असला तरी दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांवर आधार घ्यावा लागतो, म्हणजे कॅपा तीन. ४,००० चा दर ऐकला तर १२,००० समजावे. शेजारचे दात आधीच किडलेले किंवा कॅप घातलेले असतील तर ब्रिज शहाणपणाचा. ते धडधाकट असतील तर निरोगी दात घासण्याआधी इम्प्लांटचा विचार करावा.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड टायटॅनियमला घट्ट धरते हे स्वीडनच्या ब्रानेमार्क यांनी दाखवले आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. आज एका दाताला सगळे धरून २५,००० ते ४५,००० रुपये लागतात. जाहिरातीतले १५,००० बहुधा नुसत्या स्क्रूचे असतात. वरचा जोड, त्यावरची कॅप, थ्रीडी स्कॅन हे सगळे धरले आहे का, हे एकेक नाव घेऊन विचारावे. हाड कमी असेल तर भर घालण्याचा खर्च आठ-दहा हजारांपासून पुढे. हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, म्हणून डिसेंबरच्या सुटीत आखातातून किंवा अमेरिकेतून येऊन तीन आठवड्यांत ‘सगळे उरकून’ जाऊ पाहणाऱ्यांनी आधीच दोन फेऱ्यांचे तिकीट धरावे. मधुमेह ताब्यात नसेल किंवा तंबाखू-सिगारेट सुटत नसेल तर इम्प्लांट फसण्याचा धोका वाढतो. हे न विचारता तारीख देणारा डॉक्टर मला नको.

पूर्ण कवळी, वरची-खालची मिळून, १२,००० ते ३०,०००. माप, मेणातली ट्रायल, बसवणे, टोचते तिथे घासणे अशा चार-पाच फेऱ्या होतात. दोन दिवसांत तयार मिळणाऱ्या कवळीच्या वाटेला जाऊ नये. खालची कवळी सगळ्यांचीच थोडी हलते. ज्यांना ती मुळीच जमत नाही त्यांच्यासाठी खाली दोन इम्प्लांट घालून त्यांवर कवळी अडकवण्याची सोय आहे. खर्च बराच वाढतो, पण जेवण सुखाचे होते.

गोरे दात शेवटी

सौंदर्याच्या कामांत क्रम चुकला की पैसे वाया. आधी स्केलिंग, मग ब्लीचिंग, आणि त्यानंतर दोन आठवडे थांबून पुढचे दात भरणे किंवा कॅपा. कारण ब्लीचिंग फक्त नैसर्गिक दातावर चालते. कॅप आणि भरलेले सिमेंट आहे त्याच रंगाचे राहते. आधी कॅप घालून मग दात उजळले तर कॅप पिवळी दिसते आणि ती बदलण्याचा खर्च पुन्हा आपलाच.

मिश्री, गुटखा, चहा यांचे डाग वरवरचे असतात. ८०० ते २,००० रुपयांच्या स्केलिंग-पॉलिशिंगने त्यांतले पुष्कळसे जातात, ब्लीचिंगची गरजही पडत नाही. स्केलिंगने दात हलतात हा समज खोटा आहे. आधीच सैल झालेले दात किटणाच्या आधाराने उभे असतात, किटण निघाले की हलणे कळते, एवढेच. ब्लीचिंगला दवाखान्यात ६,००० ते १५,००० रुपये, माप देऊन बनवलेले ट्रे घरी वापरायचे असतील तर त्याहून कमी. उजळपणा कायमचा नसतो आणि काही दिवस दात आंबल्यासारखे होतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर तपकिरी-पांढरे चट्टे पडतात. ते दाताच्या घडणीतच असल्याने नुसत्या ब्लीचिंगने पुरते जात नाहीत. तिथे कॉम्पोझिटचा थर किंवा व्हिनियर लागते.

व्हिनियर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवलेला पातळ पापुद्रा : कॉम्पोझिटचा ३,००० ते ६,०००, सिरॅमिकचा १०,००० च्या पुढे, आणि हा दर एका दाताचा. लग्नसराईत ‘स्माइल डिझाइन’ नावाने सहा-आठ दातांचे पॅकेज विकतात. वेडेवाकडे पण निरोगी दात घासून महिन्याभरात सरळ दाखवणे हा त्यातला वाईट प्रकार. घासलेला दात परत येत नाही. तारा लावून दीड-दोन वर्षांत तेच काम ३०,००० ते ५५,००० मध्ये होते, आणि दात आपले राहतात. तारांच्या खर्चात शेवटच्या रिटेनरचे, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणाऱ्या पट्टीचे पैसे धरले आहेत का, तेवढे विचारून ठेवा.

खर्च कमी कुठे होतो

दंत महाविद्यालयांत. मुंबईत सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर, तसेच नागपूर व छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालये, गोव्यात बांबोळीचे. इथे दर खासगीच्या मानाने फारच कमी असतात. खासगी दंत महाविद्यालयेही स्वस्त पडतात. काम विद्यार्थी करतात, पण शिक्षकांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने तपासून. वेळ मात्र हाताशी हवा. खासगीत दोन फेऱ्यांचे काम इथे पाच-सहा फेऱ्या घेते. निवृत्तांना आणि सुटीतल्या मुलांना ते जमते.

मेडिक्लेमवर भिस्त ठेवू नका. बहुतेक पॉलिसींत दातांचे उपचार वगळलेले असतात, अपघातात दात गेले तर गोष्ट वेगळी. दात भरणे, रूट कॅनाल अशा उपचारांवर जीएसटी नाही. बिलात तो दिसला तर कारण विचारा.

सोसायटीतल्या किंवा मंडळाच्या मोफत शिबिरात ‘सहा दात किडलेत’ असे सांगितले गेले तर लगेच खुर्चीत बसू नये. एक्स-रे काढून घ्यावा, त्याची प्रत मोबाइलवर मागावी आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवावी. मोठ्या कामाचा अंदाज कागदावर घ्यावा, त्यात कॅपचा प्रकार आणि इम्प्लांटची कंपनी लिहून घ्यावी. इम्प्लांटच्या डबीवरचे लॉट नंबरचे स्टिकर फायलीत चिकटवून ठेवावे. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात जोड सैल झाला तर नव्या डॉक्टरला तेच लागते. डॉक्टरची नोंदणी राज्य दंत परिषदेकडे असते, तो क्रमांक विचारण्यात संकोच कसला?

पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच तसा निर्णय दिला आहे. काम बिघडले आणि डॉक्टर दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो, जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगात तक्रारीला फी लागत नाही. बिल आणि एक्स-रे जपून ठेवा, कारण तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.